फळं आंबियाची, सावली उन्हाळ्याची : एका संत्रा-बागेच्या डिजिटल चित्राचं प्रकरण

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका दंतवैद्यांना दवाखान्यातल्या प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीसाठी ८ बाय ४ फुटांचं निसर्गचित्र हवं होतं. त्यांची वडिलोपार्जित संत्र्याची बाग काटोल तालुक्यात आहे. तीच बाग, हिवाळ्यातली सकाळ, फळांनी लदलेली झाडं आणि मागे उत्तरेकडच्या टेकड्या, एवढी मागणी. चित्र डिजिटल करून कॅनव्हासवर छापायचं होतं. काम घेतलं माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीनं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड, हात सफाईदार, क्रिटा सॉफ्टवेअर चांगलं सरावाचं.

तिचं पहिलं चित्र मोबाईलवर देखणं दिसत होतं. चित्राच्या मधोमध झाडांच्या दोन रांगा दूर जाणाऱ्या, त्यांच्यामध्ये केशरी सूर्य, खाली धुक्याचा पदर, मागे टोकदार डोंगर. मग चाचणीसाठी ते साध्या कागदावर पूर्ण आकारात छापून भिंतीला लावलं. डॉक्टर म्हणाले, “छान आहे, पण वॉलपेपर वाटतो.” नेमकं काय खटकतं ते त्यांना सांगता येईना. ते त्यांच्या वडिलांनी सांगितलं. आयुष्य बागेत गेलेला माणूस. चित्रासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “बेटा, हात चांगला आहे तुझा. पण सूर्य समोरून निघून राहिला अन् संत्र्यावर उजेड आपल्या पाठीमागून पडून राहिला, हे कसं?” मग झाडाच्या बुडाशी बोट ठेवून, “अन् ही सावली तर उन्हाळ्यातली आहे. संत्रं पिकलेलं अन् सावली बुडाशी? असं नाही होत ना बाप्पा आमच्या बागेत.”

या दोन वाक्यांत चित्राचं जवळजवळ पूर्ण निदान आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा नागपूर-काटोलकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली खरोखर बुडाशी गोळा होते, तेव्हा झाडावर पिकलेलं संत्रं नसतं. उलट डिसेंबरच्या मध्यावर इथला सूर्य दुपारीही ४५ अंशांच्या वर फारसा चढत नाही, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड सावलीसुद्धा झाडाच्या उंचीएवढी असते आणि ती उत्तरेला पडते. चित्रातली गोल सावली कुठून आली? विद्यार्थिनीनं एका तयार ब्रश-संचातलं झाड घेतलं होतं, त्याला सावली चिकटलेलीच होती. सूर्य एका फोटोतून, रांगा मोबाईलच्या अतिवाइड लेन्सनं काढलेल्या दुसऱ्या फोटोतून, डोंगर तिसरीकडून. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर होता. पण एकाच माणसानं, एकाच जागी उभं राहून, एकाच वेळी पाहिलेलं असं त्यात काहीच नव्हतं. खोली हरवते ती इथे, आणि नंतर धुक्याचे कितीही थर चढवले तरी ती परत येत नाही.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी पाहणाऱ्याची जागा ठरवली.

पाहणारा बसलेला आहे

प्रतीक्षाकक्षात माणसं बसतात. खुर्च्यांची रांग त्या भिंतीपासून १२ फुटांवर आहे. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर, म्हणजे १.२ मीटरवर असतो. कॅनव्हासची खालची कड ३ फुटांवर येणार होती. क्षितिज नेहमी डोळ्याच्या उंचीवर दिसतं. मग चित्रातली क्षितिजरेषा खालच्या कडेपासून १ फुटावर, उंचीच्या पावभागावर यायला हवी. पहिल्या चित्रात ती बरोबर मध्यावर होती, जमिनीपासून ५ फुटांवर. खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यापेक्षा फूटभर वर. त्यामुळे बागेची जमीन सपाट न दिसता समोर उभ्या केलेल्या चढासारखी दिसत होती. वॉलपेपरपणाचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण लेन्सचं. ८ फूट रुंद चित्र १२ फुटांवरून पाहिलं तर ते डोळ्यासमोर साधारण ३७ अंशांचा कोन व्यापतं. मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा ७० अंशांच्या आसपास पाहतो आणि अतिवाइड लेन्स शंभराच्याही पुढे जाते. असा फोटो जसाच्या तसा गिरवला तर रांगा नको तेवढ्या झपकन दूर पळतात आणि कडेची झाडं फताडी होतात. संदर्भासाठी फोटो घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पान कसं वळतं, फांदी कुठून फुटते हे फोटोतूनच पाहावं. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) मात्र भिंत आणि खुर्ची यांच्यातल्या अंतरावरून आखावं. निसर्गचित्र शिकवताना आपल्याकडे क्षितिजरेषा ‘वर, मध्ये किंवा खाली’ अशी सौंदर्याची निवड म्हणून सांगितली जाते. भिंतीवरच्या चित्रात ती बऱ्याच अंशी फर्निचरवर ठरते, हे कुणी सांगत नाही.

ऐंशी टक्क्यांची रांग

रांगेतली झाडं तिनं एकच झाड पुन्हा पुन्हा आधीच्याच्या ८० टक्क्यांवर आणून मांडली होती. हे फार सर्रास होतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते एका बटणाचं काम आहे. पण समान अंतरावरच्या वस्तू समान टक्क्यांनी लहान होत नाहीत. त्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात लहान होतात, अंतर दुप्पट तर उंची निम्मी. काटोलकडची जुनी लागवड बहुधा ६ बाय ६ मीटरवर, चौकोनी असते. पहिलं अख्खं दिसणारं झाड १८ मीटरवर धरलं तर पुढची २४, ३०, ३६ मीटरवर. पहिल्याची उंची १०० मानली तर पुढच्यांची ७५, ६० आणि ५०. तिच्या रांगेत हे आकडे ८०, ६४, ५१ होते. इथवर फरक डोळ्यात भरत नाही. पंधरावं झाड १०२ मीटरवर येतं, त्याची उंची १०० पैकी सुमारे १८ हवी. तिच्या रांगेत ती ४ च्या जरा वर होती, म्हणजे हवी त्याच्या पावपट. मागची झाडं एकदम खुजी होऊन रांग पोकळीत पडल्यासारखी दिसत होती, आणि ती पोकळी भरायला धुकं आणलं होतं.

वर्गात हे समजवायला मी मुलांना वर्धा रोडवर नेतो. मेट्रोचे खांब सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे; पेन्सिल हातभर लांब धरून एकेक मोजायचा. पहिल्या तीन-चार खांबांत उंची झरझर उतरते आणि नंतर उतार इतका मंदावतो की दूरचे खांब जवळजवळ सारखेच वाटतात. दूरची ही गर्दी काढता आली की रांग खरी वाटू लागते.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर चौकोनी बागेत भूमिती आयती मिळते. रांगांच्या रेषा मधल्या लोपबिंदूकडे (दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) न्यायच्या. मग क्षितिजावरच, मध्यापासून १२ फुटांवर (पाहणाऱ्याच्या अंतराएवढ्याच) डावीकडे दुसरा बिंदू घ्यायचा. ४५ अंशांत जाणारे सगळे कर्ण त्या बिंदूकडे जातात. असा एक कर्ण रांगांच्या रेषांना जिथे जिथे छेदतो तिथे तिथे झाडाचं बूड. पंधराव्या शतकात इटलीतले चित्रकार फरशीच्या चौकटी याच हिशोबानं काढत होते. हा दुसरा बिंदू ८ फुटांच्या कॅनव्हासच्या बराच बाहेर पडतो, कागदावर त्यासाठी बाजूला टेबल जोडावं लागलं असतं. क्रिटात लोपबिंदूचा असिस्टंट (रेषा त्या बिंदूकडे वळवणारं साधन) कॅनव्हासबाहेरही ठेवता येतो, आणि डिजिटलचा मला वाटणारा मोठा फायदा तो हा. ब्रशचे शेकडो नमुने त्याच्यापुढे काहीच नाहीत.

तपासणीचा एक सोपा नियमही हाती आला. जमीन सपाट असेल तर क्षितिजरेषा प्रत्येक झाडाला पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर छेदते, झाड जवळचं असो की लांबचं. झाडं सुमारे ४.५ मीटरची आणि डोळा १.२ मीटरवर, म्हणजे सगळ्या झाडांचा साधारण पावभाग रेषेखाली हवा. ज्या झाडाचा निम्मा भाग रेषेखाली गेला ते एक तर खड्ड्यात आहे, नाहीतर चुकलंय.

याला बागेनंच आणखी एक खूण दिली. पावसाळ्याच्या आगेमागे बुंध्याला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावतात, त्यामुळे प्रत्येक खोडाचा खालचा भाग निळसर-पांढरा दिसतो. दर ६ मीटरवर, एकाच उंचीचा फिकट पट्टा. खोलीचं मोजमाप दाखवायला इतकी सरळ वस्तू शोधून मिळाली नसती. पहिल्या चित्रात ती नव्हती, कारण ब्रश-संचातल्या झाडाला बोर्डो लागत नाही.

साडेनऊची सकाळ

आता उजेड. डॉक्टरांना संत्री संत्र्यासारखी झळकायला हवी होती. समोर सूर्य ठेवला तर पानांच्या कडा पेटतात, हवा उजळते, चित्र नाट्यमय होतं. पण फळाची आपल्याकडची बाजू सावलीत जाऊन तपकिरी-तांबूस पडते. दोन्ही एकदम मिळत नाही. वडिलांनी पकडलेली विसंगती याच हव्यासातून आली होती. तेव्हा सूर्य चित्राबाहेर काढला. पाहणारा उत्तरेकडे तोंड करून बसलाय असं ठरवलं. टेकड्याही त्याच दिशेला आहेत आणि डिसेंबरातल्या सकाळचा सूर्य आग्नेयेला, म्हणजे त्याच्या उजव्या खांद्यामागे येतो. केशरी सूर्य गेला म्हणून विद्यार्थिनीला हळहळ वाटली. मला नाही.

वेळ कोणती? सकाळ म्हणून आधी आठ वाजता धरून आखणी केली. डिसेंबरच्या मध्यावर काटोलला आठ वाजता सूर्य जेमतेम १४ अंश वर असतो आणि सावली झाडाच्या उंचीच्या जवळपास चौपट पडते. ४.५ मीटरच्या झाडाची सावली १७ मीटरहून लांब, दोन रांगा ओलांडून तिसरीला भिडणारी. आखून पाहिल्यावर दिसलं की बागेतली जमीन जवळजवळ पूर्ण सावलीत बुडते, ऊन फक्त शेंड्यांना लागतं आणि बोर्डोचे पट्टे अंधारात जातात. हे दृश्य खोटं नाही. शेतकरी रोज पाहतो. पण दवाखान्यात बसलेल्या, दाढ धरून आलेल्या माणसासमोर तीन-चतुर्थांश काळोखी बाग ठेवण्यात अर्थ नव्हता.

मग घड्याळ पुढे सरकवत गेलो. साडेनऊला सूर्य ३१ अंशांच्या आसपास येतो आणि सावली उंचीच्या पावणेदोनपट होते, साधारण साडेसात मीटर. दिशा उत्तरेपासून डावीकडे ४४ अंश. इथे मजा आली. चौकोनी लागवडीचा कर्ण ४५ अंशांत जातो आणि कर्णावरच्या दोन झाडांतलं अंतर ६ मीटरच्या चौकोनात साडेआठ मीटर असतं. म्हणजे साडेनऊच्या सुमारास प्रत्येक झाडाची सावली तिरप्या शेजाऱ्याच्या दिशेनं जाते आणि त्याच्या बुडापाशी पोचता पोचता संपते. तिथे उन्हाचा एक तुकडा उरतो, शिवाय दोन कर्णांच्या मध्ये उन्हाची अरुंद पट्टी. झाडं मांडायला घेतलेला कॅनव्हासबाहेरचा तो दुसरा लोपबिंदूच सावल्यांनाही लागू पडला. अंशाभराचा फरक डोळ्याला कळत नाही. एका असिस्टंटवर बागेची मांडणी आणि उजेड दोन्ही बसले, आणि एरवी ब्रशनं अंदाजे टाकल्या असत्या त्या सावल्या जमिनीला धरून पडल्या.

सावल्यांचा रंग काळा लावायचा नाही, एवढं तिला ठाऊक होतं. पण मल्टिप्लाय लेयरवर (खालचे रंग गडद करणाऱ्या थरावर) एकच जांभळा ओतला तर तोही रंगीत काळाच ठरतो. सावलीत वरून निळ्या आकाशाचा उजेड येतो आणि बाजूनं उन्हातल्या जमिनीचा. म्हणून सावलीत वर तोंड केलेल्या पृष्ठभागांना (आळ्याची माती, वरची पानं) थंड छटा आणि खाली तोंड केलेल्या फळांच्या बुडाला मातीची उबदार छटा दिली. बोर्डोचे पट्टे सावलीत स्पष्ट निळे, उन्हात दुधी. हा फरक दिसला की सांगावं लागत नाही, ऊन कुठे आहे ते.

जमिनीबद्दल एक वेगळी गोष्ट. निसर्गचित्राचे धडे सांगतात की आकाश सर्वांत उजळ, त्याखालोखाल सपाट जमीन, मग उतार, आणि उभी झाडं सर्वांत गडद. हा नियम गवताच्या मुलखात चालतो. आपल्या काळ्या, नुकत्याच वखरलेल्या मातीत सपाट जमीनही झाडाइतकी गडद असू शकते. तिनं धड्याप्रमाणे जमीन फिकट बदामी केली होती. ती बाग काटोलची वाटत नव्हती त्याचं हेही एक कारण. माती गडद केल्यावर उन्हाच्या पट्ट्या आपोआप चमकल्या.

धुकं किती लांबवर

पहिल्या चित्रात पाचव्या झाडापासूनच, म्हणजे अवघ्या चाळीसेक मीटरवर, पांढरा धुरकट थर सुरू होत होता आणि दहाव्या झाडाची फिकटाई टेकडीइतकीच होती. एवढं दाट धुकं असेल तर टेकडी मुळात दिसायलाच नको.

हवेमुळे वस्तूचा उठाव (पार्श्वभूमीपासूनचा फरक) अंतराबरोबर ठरावीक रीतीनं घटतो. दृश्यमानता ५ किलोमीटर असलेल्या सकाळी १०० मीटरवरच्या झाडाचा सुमारे ९२ टक्के उठाव शाबूत असतो, तर २ किलोमीटरवरच्या टेकडीचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे बागेच्या आत हवा जवळपास काहीच करत नाही. आतली खोली आकार, सावल्या आणि एकामागे एक झाकल्या जाणाऱ्या कडा यांनीच दाखवायची, आणि हवा राखून ठेवायची बाग संपल्यानंतरच्या झेपेसाठी. तिनं फॉग ब्रशचे सगळे लेयर बंद केले. शेवटचं झाड आणि टेकडी यांच्यात फिकटपणाची फक्त एक पायरी ठेवली, पण मोठी. सूर्य पाठीशी असल्यामुळे टेकड्या निळसर-करड्या. समोर असता तर त्या उजळ, पिवळसर धुरात विरल्या असत्या. आणि टोकदार डोंगर पुसून सपाट माथ्याच्या टेकड्या आल्या. नागपूरच्या पश्चिमेचा हा मुलूख बेसाल्टच्या थरांचा आहे, इथे हिमालय उगवत नाही.

प्रत्येक टप्प्यावर वरच्या लेयरवर करडा रंग भरून ‘कलर’ मोडमध्ये चित्र कृष्णधवल करून पाहिलं. रंग काढला तरी ऊन कळलं पाहिजे. पहिलं चित्र या परीक्षेत साफ झोपलं होतं, सगळी खोली रंगाच्या भरवशावर.

फळं आणि छपाई

फळांची गंमत अशी की तिनं जवळच्या आणि लांबच्या सगळ्या संत्र्यांना एकच झगझगीत नारिंगी आणि एकेक पांढरा ठिपका दिला होता. त्यामुळे मागची फळं उडी मारून पुढे यायची. १२ फुटांच्या हिशोबात सहा-साडेसहा सेंटिमीटरचं संत्रं १८ मीटरवर चित्रात १.३ सेंटिमीटरचं होतं आणि ३६ मीटरवर साडेसहा मिलिमीटरचं. त्यापुढे ठिपक्याला चमक द्यायची गरज नाही, रंगाचा एक तिरका फटकारा पुरे. दर झाडाची निम्मी फळं सावलीत घातली. वडिलांच्या सांगण्यावरून लदलेल्या फांद्यांखाली बांबूचे टेकेही आले.

फाइल तिनं हौसेनं ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) केली होती. २८,८०० बाय १४,४०० पिक्सेल, एकेका लेयरला दीड जीबीहून जास्त, आणि लॅपटॉप प्रत्येक फटकाऱ्याला थांबायचा. १२ फुटांवरून डोळ्याला सुमारे एक मिलिमीटरपेक्षा बारीक भेद कळत नाही. १०० पीपीआय, म्हणजे ९,६०० बाय ४,८००, भरपूर होतं.

नारिंगी रंगाचं दुखणं मात्र गंभीर. पडद्यावर पेटलेला नारिंगी चार शाईंच्या छपाईत तसा उतरत नाही, मातकट होतो. फळं आणखी भडक करून उपयोग नसतो, छापखान्याच्या मर्यादेपलीकडचा रंग कापलाच जातो. तिनं उलट बाजूनं काम केलं. पानांचा हिरवा थोडा करडा आणि थंड केला, फळांभोवतीची पानं गडद केली, म्हणजे छापला जाणारा नारिंगी शेजाऱ्यांच्या जोरावर पेटतो. मग चित्राच्या तीन वेगवेगळ्या भागांच्या पट्ट्या कॅनव्हासवर छापून दवाखान्यातल्या भिंतीवर लावल्या. तिथले दिवे पिवळसर होते. त्यांच्या उजेडात टेकड्यांचा आणि सावल्यांचा निळा मरत होता. निळा वाढवण्यापेक्षा त्या भिंतीवरचे दोन दिवे बदलणं स्वस्त पडलं, डॉक्टरांनी ४००० केल्विनचे (कमी पिवळ्या, पांढऱ्याकडे झुकणाऱ्या उजेडाचे) लावले.

एक तडजोड राहिली. काउंटरमागची स्वागतिका उभी असते, तिचा डोळा क्षितिजरेषेपेक्षा फूटभराहून जास्त वर जातो. तिला बाग थोडी खालच्या अंगाला बसल्यासारखी दिसते. बसलेल्यांच्या बाजूनं निर्णय झाला आणि काउंटर काही सरकवता आलं नाही.